तगरीवरची अळी आणि तिचा पतंग

पावसाळ्याच्या दिवसांत शहरांतील परसांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. पूजेच्या फुलांसाठीं लावलेली तगर काल संध्याकाळपर्यंत पानांनीं भरलेली होती. आज सकाळीं पाहावें तों वरच्या डहाळ्या बोडक्या झालेल्या, आणि खालीं फरशीवर मिऱ्यांहून मोठ्या, काळसर हिरव्या लेंड्यांचा सडा. कोणी म्हणतो, गाईनें तोंड घातलें असेल. कोणी शेजारच्या मुलांवर संशय घेतो. चोर मात्र तेथेंच, चार बोटांच्या अंतरावर, पानाच्या खालच्या अंगास देठ धरून निश्चल बसलेला असतो आणि डोळ्यांपुढें असून दिसत नाहीं. तो शोधावयाचा असल्यास पानें चाळीत बसूं नये. लेंड्या नेमक्या कोठें पडल्या आहेत तें पाहावें, आणि तेथून नजर सरळ वर न्यावी. ही युक्ति बहुधा फसत नाहीं.

ही अळी पहिल्यानें दृष्टीस पडली म्हणजे पाहणारा दचकतो, आणि त्यांत नवल नाहीं. पुरी वाढलेली अळी सुमारें तीन इंच लांब, करंगळीएवढी जाड आणि कोंवळ्या पानासारखी हिरवीगार असते. दोन्ही कुशींवरून एक पांढरी रेघ जाते व तिच्या अवतीभोंवतीं बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतात. शेपटाकडे किंचित् खालीं वळलेलें, पिवळट नारिंगी रंगाचें एक आंखूड शिंग असतें. डिवचल्याबरोबर ती डोकें आंत ओढून घेते, मानेमागचा भाग फुगविते, आणि एरवीं कातडीच्या घडींत झांकून राहिलेले दोन निळे, काळ्या कडेचे व मध्यें पांढरे असे मोठे डोळे एकदम समोर उघडतात. 'तगरीवर सापाचें पिल्लूं आहे' अशी हांकाटी होते ती याच क्षणीं. वास्तविक ते डोळे नव्हतच. ती कातडीवरील रंगवलेली नक्कल आहे. खरे डोळे म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असलेले बारीक बिंदु. त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसें कांहीं समजत नाहीं. शिंगालाहि डंख नाहीं. अंगावर कूस नसल्यामुळें हात लावला तरी खाज सुटत नाहीं. एवढा सगळा देखावा एखाद्या बुलबुलानें वा साळुंकीनें क्षणभर बिचकावें इतक्याचसाठीं आहे.

येथें भाषेचा एक बारकावा सांगण्यासारखा आहे. ज्याच्या अंगावर केस असतात आणि ज्याचा स्पर्श झाला असतां आग होते त्यास मराठींत सुरवंट म्हणतात, किंवा गांवाकडे घुला. गुळगुळीत अंगाची ती अळी. बोलतांना हा भेद आतां फारसा पाळला जात नाहीं, आणि मग निरुपद्रवी अळीलाहि सुरवंटाची शिक्षा भोगावी लागते.

ह्या अळीचा जो पतंग होतो त्याला इंग्रजींत ऑलिअँडर हॉक-मॉथ, म्हणजे कण्हेरीवरचा ससाणा-पतंग, असें म्हणतात. स्वीडनच्या लिनिअसनें १७५८ सालीं त्याचें वर्णन 'स्फिंक्स नेरिआय' ह्या नांवानें केलें. ह्या कुळांतील अळ्या विसांवा घेतांना पुढचा भाग उंच उचलून, मान वांकवून बसतात; ईजिप्तमधील स्फिंक्सच्या पुतळ्याची आठवण व्हावी अशी ती बैठक असते, म्हणून तें नांव. पुढें शास्त्रज्ञांनीं त्याला 'डॅफ्निस' ह्या निराळ्या गणांत घातलें. डॅफ्निस हा ग्रीक पुराणकथांतील एक मेंढपाळ. 'नेरिआय' हें मात्र कण्हेरीच्या 'नेरिअम' ह्या शास्त्रीय नांवावरून आलें असून तें आजहि कायम आहे. हिंदुस्थानांतील ह्या कुळाचा सविस्तर ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकीं एक टी. आर. बेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील अधिकारी. निवृत्तीनंतर ते कारवारास राहिले आणि १९४८ सालीं तेथेंच वारले. रानांतून अंडीं व अळ्या आणून त्या घरीं वाढवावयाच्या, कोणत्या झाडाचीं पानें खातात तें टिपून ठेवावयाचें, हा त्यांचा अनेक वर्षांचा व्यासंग होता. पतंग पकडून टांचणीस लावणारे पुष्कळ असतात. अळीला रोज ताजीं पानें आणून घालणारे थोडे, आणि जातींच्या खाद्यवनस्पतींविषयींचें ज्ञान ह्या दुसऱ्या वर्गाकडूनच मिळालें आहे.

मादी अंडीं घालते तीं संध्याकाळीं व रात्रीं. एके ठिकाणीं ढीग न घालतां ती एका पानावर बहुधा एकच अंडें चिकटविते, आणि तेंहि शेंड्याकडील कोंवळ्या पानावर. अंडें फिकट हिरवें, गोलसर, दीड मिलिमीटरचें. मोहरीचा लहानसा दाणा डोळ्यांपुढें आणावा. उष्ण हवेंत तीन ते पांच दिवसांत तें फुटतें. बाहेर पडणारी अळी पिवळसर, खडूनें काढलेल्या एखाद्या बारीक रेघेएवढी असते, आणि तिच्या शेपटावरचें शिंग मात्र काळें, दोऱ्यासारखें आणि शरीराच्या मानानें लांबलचक. वाढ होत जाते तसतसें हें शिंग आंखूड व जाड होत जातें. अळीची कातडी ताणते, परंतु फारशी वाढत नाहीं. म्हणून थोड्याथोड्या दिवसांनीं जुनी कातडी टाकून नवी धारण करावी लागते. अशा चार काती टाकून ती पांच वयें पुरीं करते. कात टाकण्यापूर्वीं एक-दोन दिवस ती खाणें थांबवून स्वस्थ बसते. त्या वेळीं तिला आजारी समजून हालवूं नये. पायांची पकड सुटली तर जुनी कातडी नीट उतरत नाहीं आणि अळी मरते.

पहिल्या दोन-तीन वयांत तिच्या अस्तित्वाचा पत्ताहि लागत नाहीं. पानांना कोठें बारीक भोंक, कोठें कड कुरतडलेली, एवढेंच. जन्मापासून पुऱ्या वाढीपर्यंत तिचें वजन कांहीं हजार पट होतें, आणि एकंदर खाण्याचा फार मोठा वांटा शेवटच्या वयांतील थोड्या दिवसांत उरकला जातो. 'एका रात्रींत झाड खाल्लें' हा जो भास होतो त्याचें कारण हें. अळी तेथें पंधरा दिवस होतीच. खादाडपणा मात्र शेवटीं उघडकीस आला.

तिच्या आहाराची यादी पाहिली तर आयुर्वेदाच्या व डॉक्टरी औषधशास्त्राच्या विषवर्गाची उजळणी होते. तगर ही आपल्याकडील शहरांतून तिची सर्वांत आवडती. त्याखालोखाल कण्हेर, तांबडी किंवा पांढरी. कुंडींतील सदाफुलीहि ती खाते. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून काढलेलीं व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन हीं द्रव्यें रक्ताच्या व इतर कर्करोगांवर दिलीं जातात. सर्पगंधा हीहि तिच्या खाद्यांत आहे. तिच्या मुळांतून १९५२ सालीं रिसर्पीन हें रक्तदाब उतरविणारें औषध वेगळें करण्यांत आलें. रस्त्याच्या कडेस लावलेली सातवीण, म्हणजेच सप्तपर्णी, ही आणखी एक. तिच्या लांकडाच्या पूर्वीं मुलांच्या लिहिण्याच्या पाट्या करीत, म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांत 'स्कोलॅरिस' हें शाळेचें विशेषण आलें आहे. हीं सगळीं झाडें एकाच कुळांतील आहेत, आणि पान तोडलें असतां पांढरा चीक येणें ही त्यांतील बहुतेकांची खूण. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणतात ती ह्याच कुळांतील, परंतु अमेरिकेंतून आलेली निराळी वनस्पति आहे. तिला व तांबड्या कण्हेरीला एकच समजूं नये. विषारी मात्र दोन्ही सारख्याच.

कण्हेरीचें विष साधें नाहीं. ओलिअँड्रिन वगैरे जीं द्रव्यें तिच्या पानाफुलांत, सालींत व मुळांत असतात, तीं हृदयाच्या गतीवर परिणाम करतात. शरीरांतील प्रत्येक पेशी सोडिअम बाहेर टाकून पोटॅशिअम आंत घेत असते. हें काम करणाऱ्या पंपालाच हें विष जाऊन चिकटतें. म्हणून गुरें कण्हेरीला तोंड लावीत नाहींत, आणि लावलेंच तर दगावतात. मग ही अळी तेवढी कशी तरते? रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांत त्या पंपाच्या घडणीतच असा फरक झालेला आढळतो कीं विषाला तेथें नीट चिकटतांच येत नाहीं. तीं फुलपाखरें विष शरीरांत सांठवून ठेवतात आणि भडक रंगांनीं त्याची जाहिरातहि करतात. कण्हेरीवरच्या अळीची तऱ्हा वेगळी. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, तिच्या मज्जातंतूंतील पंप विषाला इतर किड्यांप्रमाणेंच बळी पडणारा आहे; परंतु मज्जारज्जूभोंवतीं असलेलें आवरण विषाला आंत शिरूं देत नाहीं, आणि जें द्रव्य अशा आवरणांतून झिरपण्यासारखें असतें त्यालाहि तेथील पेशी उलट बाहेर लोटतात. घराचा दरवाजा मजबूत असला म्हणजे आंतील तिजोरीला वेगळें कुलूप लागत नाहीं, तसलाच हा प्रकार. विष सांठविण्याची तिची रीत नाहीं, आणि म्हणूनच तिला भडक रंग परवडत नाहीं. ती पानांत पान होऊन बसते, आणि तेंहि फसलें तर निळ्या डोळ्यांचें सोंग काढते.

तरीहि पुष्कळ अळ्या वांचत नाहींत. पक्षी तर आहेतच. परंतु खरे वैरी बारीक आहेत. अंड्यांतच आपलें अंडें घालणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधिलमाश्यांच्या जाति, आणि अळीच्या अंगावर अंडीं चिकटविणाऱ्या केसाळ माशा. ह्या माशांचीं पिल्लें अळीला आंतून खात राहतात. वरून ती धडधाकट दिसते, कोशहि करते, आणि कोशांतून पतंगाऐवजीं माशा बाहेर पडतात. अळ्यांच्या संख्येवर हा नैसर्गिक अंकुश असल्यामुळेंच तगर अजून जगांत शिल्लक आहे. झाडावर विषारी औषधाचा फवारा मारला कीं हे अंकुश प्रथम मरतात, आणि पुढच्या खेपेस आलेल्या अळ्यांना मोकळें रान मिळतें. शिवाय ज्या झाडाचीं फुलें सकाळीं देवाला वाहावयाचीं, लहान मुलांनीं हातांत धरावयाचीं, त्यावर असलें औषध मारणें हा शहाणपणाचा भाग नव्हे.

दोन ते तीन आठवड्यांत वाढ पुरी झाली कीं अळीचा हिरवा रंग मावळतो. ती पिवळसर तपकिरी होते, पाठीवर काळसर छटा येते, आणि ती झाड सोडून खालीं उतरते. हा तिच्या आयुष्यांतील सर्वांत धोक्याचा काळ. अंगणाच्या फरशीवरून, जिन्याच्या पायरीवरून ती लगबगीनें चाललेली असते आणि लपण्यास कोठेंच पान नसतें. बहुतेक अळ्या चपलेखालीं जातात त्या ह्याच वेळीं, आणि खरें पाहतां ह्या वेळीं ती झाडाचें कांहींच नुकसान करणार नसते. तिचें खाणें संपलेलें असतें. झाडाच्या बुंध्याशीं पडलेला पालापाचोळा गांठून, दोन-चार पानें रेशमाच्या विरळ धाग्यांनीं एकत्र ओढून ती त्यांत स्वस्थ होते. एक-दोन दिवसांत शेवटची कात पडते व आंतून कोश निघतो. तो दोन-अडीच इंच लांब, मातकट तपकिरी, पाठपोटावरून गडद रेघ आणि दोन्ही बाजूंस श्वासरंध्रांच्या जागीं काळे ठिपके असलेला असतो. पुष्कळ हॉक-मॉथ जमिनींत खोल जाऊन कोश करतात. हा मात्र पाचोळ्यावरच भागवितो. म्हणून ज्या घरीं रोज अंगण झाडून पाचोळा पेटविला जातो, तेथें कोशहि त्याबरोबर जळून जातात आणि कोणाला पत्ताहि लागत नाहीं. कुंपणाच्या कडेला हातभर जागेंत पाचोळा पडूं दिला तरी पुरतो. झाडाला खतहि होतें.

कोशांत उष्ण दिवसांत सुमारें दोन आठवडे जातात. थंडींत हाच काळ लांबतो. बाहेरून हालचाल नाहीं, पण पोटाला बोट लावलें तर कोश शेपटी हालवून उत्तर देतो. आंत अळीचे पुष्कळसे अवयव विरून नवे घडत असतात. मात्र पंखांचे व पायांचे अंकुर अळीच्या शरीरांतच आधींपासून असतात. पतंग शून्यांतून निर्माण होत नाहीं.

पतंग सुंदर आहे ह्याविषयीं दुमत होणार नाहीं. पंख पसरले असतां तो साडेतीन ते चार इंच भरतो. अंग व पंख हिरव्याच्या निरनिराळ्या छटांचे, शेवाळी, पोपटी, गडद. त्यांतून गुलाबी व पांढऱ्या लहरी गेलेल्या, एखाद्या संगमरवरी फरशीसारख्या. दिवसा झाडीच्या सावलींत बसला कीं ह्या नक्षीमुळें त्याचा आकारच हरवतो. तो चतुरस्र उडणारा आहे. मोठें शरीर, आणि त्या मानानें अरुंद पंख. ते फार वेगानें हालवावे लागतात आणि थंड स्नायूंना तो वेग झेंपत नाहीं. म्हणून उडण्यापूर्वीं तो जागच्या जागीं थरथरूं लागतो. अंगांत हिंव भरल्यासारखें दिसणारें हें कांपरें म्हणजे छातीचे स्नायु तापविण्याची क्रिया होय. ह्या कुळांतील कांहीं जातींत उडतांना छातीचें तपमान ३८ अंश सेल्सिअसच्या घरांत जातें. रक्त थंड म्हणून ज्या प्राण्यांची संभावना होते त्यांत हें घडतें! दिवेलागणीच्या सुमारास तो सुगंधी फुलांपुढें अधांतरीं तरंगत राहतो, लांब सोंड सोडून मध ओढतो, आणि फुलावर टेंकत सुद्धां नाहीं. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत हा पतंग मुद्दाम वाढविला जातो. त्याच्या मिशांच्या बुडाशीं असलेलीं सूक्ष्म ज्ञानेंद्रियें वारा व गति ओळखून डोकें आणि शरीर कसें स्थिर राखतात, ह्याचा अभ्यास तेथें चालतो.

दिव्यावर झडप घालणारा पतंग ही आपल्या काव्यांतली फार जुनी उपमा. तिच्याविषयीं विज्ञानाचा निकाल अलीकडेच लागूं लागला आहे. पतंग दिव्याला चंद्र समजून वाट चुकतात असें पूर्वीं सांगत. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अतिवेगवान् छायाचित्रांवरून असें दाखविण्यांत आलें कीं, किडे दिव्याकडे ओढले जात नाहींत; ते आपली पाठ उजेडाकडे करतात. आकाश नेहमीं उजळ असतें, तेव्हां पाठ उजेडाकडे ठेवणें म्हणजे सरळ उडणें, हा लाखों वर्षांचा हिशेब दिव्याजवळ चुकतो आणि किडा दिव्याभोंवतीं घिरट्या घालीत अडकतो. त्या प्रयोगांत जे थोडे अपवाद आढळले त्यांपैकीं एक हाच कण्हेरीवरचा पतंग. दिव्यावरून उडतांना त्यानें पाठ वळविली नाहीं. तो सरळ निघून गेला. कवींना उपमेसाठीं दुसरी जात शोधावी लागेल.

त्याचा प्रदेशहि असाच विस्तीर्ण. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा आणि तेथून हिंदुस्थानसह दक्षिण आशिया. यूरोपांत भूमध्य समुद्राच्या बाजूस कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून कण्हेर रानटी वाढते. उन्हाळ्यांत हे पतंग आफ्रिकेंतून उत्तरेकडे निघतात व क्वचित् इंग्लंडपर्यंतहि पोंचतात. तेथील हिंवाळा मात्र त्यांना सोसत नाहीं. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवरहि त्यानें आतां ठाणें दिलें आहे. आपल्याकडे त्याला रानाची गरज उरलेली नाहीं. तगर, सदाफुली, महामार्गांच्या दुभाजकांवरील कण्हेरीच्या रांगा, सातविणीचे नवे रस्ते, हें सर्व माणसानेंच त्याच्यासाठीं मांडून ठेवलेलें ताट आहे. वर्षांत त्याच्या अनेक पिढ्या होतात, पावसाळ्यांत अधिक.

तगरीचें जमिनींतलें झाड एक-दोन अळ्यांनीं मरत नाहीं. पावसाळ्यांत दोन-तीन आठवड्यांत पुन्हां पालवी फुटते. कुंडींतील लहान रोपाला मात्र एक अळी जड जाते. तेव्हां पान धरून, अळीला न ओढतां, पानासकट उचलून ती त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडावी. एका झाडावर वाढलेली मोठी अळी दुसऱ्या जातीचें पान बहुधा नाकारते. कण्हेरीचीं पानें हाताळल्यावर हात साबणानें धुवावे, आणि मुलांना तोंडांत घालूं देऊं नयेत. भीति अळीची नव्हे, पानांची.

मुलांना हा सगळा प्रवास पाहावयाचा असेल तर जाळीचें झांकण असलेली एखादी रुंद बरणी पुरे. तळाशीं कागद घालावा, रोज ताजीं पानें द्यावीं व लेंड्या काढून टाकाव्या. पाण्याची वाटी ठेवूं नये. अळी तींत बुडते, पाणी तिला पानांतूनच मिळतें. रंग पालटला कीं चार बोटें वाळका पाचोळा घालावा आणि नंतर आठवडाभर बरणीला हात लावूं नये. कोश झाल्यावर तो हलक्या हातानें मोठ्या खोक्यांत ठेवून, खोक्याच्या बाजूस एखादी खरबरीत काडी किंवा जाडें कापड टांगावें. ह्याचें कारण असें कीं, नवा पतंग चढून उलटा लोंबला तरच त्याचे ओले, चुरगळलेले पंख खालीं सुटून नीट पसरतात. गुळगुळीत भिंतीवरून तो घसरत राहिला तर ते तसेच आंखडून वाळतात आणि त्याला पुढें कधींहि उडतां येत नाहीं. बहुधा रात्रींच्या वेळीं तो कोश फोडतो. पंख भरावयास अर्धा-पाऊण तास, ते कडक व्हावयास आणखी कांहीं तास. मग तें कांपरें सुरू होतें, खोक्याच्या कापडावर फडफडीचा बारीक आवाज येतो, आणि खिडकी उघडी असली तर तो खोलींत एखादी फेरी घेऊन बाहेर पडतो. मागें कोशाचें रिकामें टरफल आणि कापडावर तांबूस पाण्याचा एक डाग राहतो.